तळपाय आणि टाचदुखी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना तळपायाच्या दुखण्याविषयी जे प्रश्न समोरासमोर, फोनवर आणि निरोपांतून सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. मधुमेह असलेल्यांनी मात्र आधी प्रश्न ९ आणि १० वाचावेत, कारण इतरांसाठी सांगितलेले काही उपाय त्यांच्यासाठी धोक्याचे आहेत.

१. तळपाय दुखतो म्हणजे नेमके काय बिघडलेले असते?

तळपाय दुखणे ही तक्रार आहे, आजाराचे नाव नाही. एका पावलात २६ हाडे, त्यांना बांधणारे अस्थिबंध, लहान-मोठे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या आणि टाचेखाली चरबीची गादी असते, आणि यांपैकी काहीही दुखू शकते. म्हणून कोणतीही तपासणी सुचवण्याआधी मी दोनच गोष्टी विचारते: नेमके कुठे दुखते आणि केव्हा दुखते. दुखरी जागा एका बोटाने दाखवा असे म्हटल्यावर काही जण टाचेच्या आतल्या कडेवर अचूक बोट ठेवतात, तर काही जण संपूर्ण तळव्यावरून हात फिरवतात. एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. बोट ठेवणाऱ्यांचे दुखणे बहुधा हाडाचे, पट्ट्याचे किंवा त्वचेचे निघते. हात फिरवणाऱ्यांच्या बाबतीत नसांची शंका आधी घ्यावी लागते. सकाळी पहिल्या पावलाला दुखते, की दिवसभर उभे राहिल्यावर, की रात्री अंथरुणात, हे सांगता आले तर निदान अर्धे झालेच असते.

२. सकाळी पलंगावरून उतरताना पहिले पाऊल टाकवत नाही, पण दहा मिनिटे चालले की बरे वाटते. असे का होते?

हे वर्णन प्लांटर फॅशिआयटिसचे आहे आणि टाचदुखीचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. टाचेच्या हाडाच्या खालच्या बाजूपासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा पसरलेला असतो. धनुष्याच्या दोरीप्रमाणे तो पायाची कमान ताणून धरतो. त्याला झेपेल त्यापेक्षा अधिक भार दिवसेंदिवस पडत राहिला, की तो टाचेला जिथे चिकटतो तिथे, म्हणजे टाचेच्या पुढच्या आणि आतल्या भागात, दुखू लागतो. झोपेत पाऊल खाली झुकलेले असल्यामुळे पट्टा आखडतो, आणि उठल्यावर अंगाचा सगळा भार घेऊन तो एकदम ताणला जातो, म्हणून पहिली काही पावले असह्य होतात. थोडे चालल्यावर तो सैल होतो आणि दुखणे ओसरते, पण बराच वेळ बसून उठल्यावर किंवा दिवस मावळताना ते पुन्हा डोके वर काढते.

साधारणपणे दहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, आणि तो चाळिशी ते साठीच्या दरम्यान अधिक दिसतो. आखडलेल्या पोटऱ्या, वाढलेले वजन, फार सपाट किंवा फार उंच कमान आणि कडक फरशीवर तासन्‌तास उभे राहणे ही मुख्य कारणे आहेत. माझ्याकडे येणाऱ्यांत इतवारी-गांधीबागेच्या दुकानांतले विक्रेते, शिक्षिका, वाहतूक पोलीस, बुटीबोरीच्या कारखान्यांत उभ्याने पाळी करणारे कामगार आणि ओट्यापाशी चार-चार तास उभ्या असणाऱ्या गृहिणी, असे सगळेच असतात. आणखी एक गट दर वर्षी हमखास येतो: डॉक्टरांनी "चाला" म्हटल्याबरोबर दुसऱ्याच दिवशी अंबाझरीला जाऊन तासभर चालणारा. चालणे चांगलेच आहे, परंतु शून्यावरून एकदम पाच किलोमीटर हा पट्ट्यासाठी अचानक आलेला भार असतो.

नावातील "आयटिस"चा अर्थ सूज असा असला तरी जुनाट दुखण्यात सुजेपेक्षा तंतूंची झीज अधिक असते, आणि म्हणूनच नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी ते मुळापासून जात नाही. बहुतेकांचे दुखणे शस्त्रक्रियेशिवाय बरे होते, मात्र त्याला आठवडे नव्हे, अनेक महिने आणि क्वचित वर्षही लागते. उपचार सुरू करण्याआधीच हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तीन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

३. एक्स-रेमध्ये "टाचेचे हाड वाढले आहे" असे आले. ते कापून काढावे लागेल का?

जवळजवळ कधीच नाही. एक्स-रेत टाचेखाली दिसणारे ते चोचीसारखे टोक पायावर पडणाऱ्या भारामुळे वर्षानुवर्षे तयार होत जाते, आणि ज्यांची टाच कधीही दुखली नाही अशा पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही ते आढळते. उलट, टाच असह्य दुखत असूनही एक्स-रे अगदी स्वच्छ असणारे रुग्णही तितकेच नेहमीचे आहेत. दुखणे बरे झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला, तर ते टोक जागच्या जागी असते. म्हणजे दुखण्याचे कारण ते टोक नसून शेजारचा पट्टा असतो. "कॅल्शियम वाढले म्हणून हाड वाढले" या समजुतीने दूध आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करणाऱ्या स्त्रिया मला दर महिन्याला भेटतात. दोहोंचा काहीही संबंध नाही. रजोनिवृत्तीनंतर तर असे करणे नुकसानीचे आहे.

४. कोणते व्यायाम करावेत, आणि किती दिवस?

प्लांटर फॅशिआयटिससाठी तीन व्यायाम पुरेसे आहेत, पण ते नेमाने करावे लागतात.

पहिला अंथरुणातच, पाय जमिनीला लागण्यापूर्वी करावा. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर ठेवून त्याच बाजूच्या हाताने पायाची बोटे मुळाशी धरून नडगीच्या दिशेने मागे ओढावीत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपल्यास कमानीत एक दोरी ताठ झाल्याचे स्पष्ट हाताला लागते. ती लागली नाही तर ताण योग्य जागी बसलेला नाही असे समजावे. दहा सेकंद धरून सोडावे, असे दहा वेळा. दिवसातून तीनदा करावे, आणि बराच वेळ बसून उठण्यापूर्वीही एकदा करावे.

दुसरा पोटरीसाठी आहे. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट चिकटलेली आणि पाऊल सरळ पुढे अशा स्थितीत पुढे झुकावे, पोटरीत ताण जाणवताच तीस सेकंद थांबावे. असे तीन वेळा करावे, आणि मग गुडघा किंचित वाकवून हेच पुन्हा करावे, कारण पोटरीतला खोलवरचा स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय ताणला जात नाही. पाऊल बाहेर वळले किंवा टाच उचलली गेली, तर व्यायाम केल्याचे समाधान मिळते, फायदा मिळत नाही.

तिसरा व्यायाम ताकदीचा असून मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिन्याच्या पायरीवर कठड्याला धरून उभे राहावे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी म्हणजे बोटे वर उचललेली राहतील, आणि टाच पायरीबाहेर ठेवावी. तीन सेकंदांत टाच वर न्यावी, दोन सेकंद थांबावे, तीन सेकंदांत खाली आणावी. सुरुवातीला दोन्ही पायांवर आणि जमेल तसे एका पायावर, बारा वेळांचे तीन संच, एक दिवसाआड. करताना थोडे दुखले तरी चालते. दुसऱ्या दिवशी सकाळचे दुखणे नेहमीपेक्षा वाढले असेल, तर मात्र संख्या कमी करावी. फरक कळायला किमान दोन ते तीन महिने द्यावेत, आणि दुखणे थांबल्यावरही पोटरीचा व्यायाम चालू ठेवावा.

हे व्यायाम केवळ प्रश्न २ मधील दुखण्यासाठी आहेत. प्रश्न ११ मधील लक्षणे असतील तर तिसरा व्यायाम मुळीच करू नये.

५. गरम विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकली तर चालेल का? की बर्फ लावावा?

हा उपाय विदर्भातल्या घराघरांत केला जातो. शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात आणि तात्पुरते बरे वाटते, हे खरे आहे. परंतु वीट किती तापली आहे हे पायालाच कळत असते, आणि ज्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्याला ते कळत नाही. मधुमेह असलेल्या एका मावशींच्या टाचेवर विटेच्या कडेच्या आकाराचा लांबट फोड आलेला मी पाहिला आहे. पान सुकेपर्यंत त्यांनी टाच दाबून धरली होती आणि चटका बसल्याचे त्यांना मुळीच जाणवले नव्हते. टाचदुखी राहिली बाजूला, ती जखम भरायला दोन महिने मलमपट्टी करावी लागली. रुईचा चीक त्वचेला दाह करणारा असतो आणि डोळ्यात गेल्यास फार त्रास देतो, हेही लक्षात ठेवावे. ज्यांच्या पायाची संवेदना शाबूत आहे त्यांनी शेकायचेच असेल तर कोमट पाण्यात पाय ठेवावेत.

दिवसभराच्या कामानंतर टाच ठणकत असेल, तर पाण्याची बाटली गोठवून ती मोज्यावरून दहा मिनिटे तळव्याखाली फिरवावी. मधुमेह, बधिरपणा किंवा रक्तपुरवठ्याचा दोष असलेल्यांनी शेक आणि बर्फ दोन्ही टाळावेत.

६. घरात अनवाणी चालल्यामुळे टाच दुखते का? चप्पल कोणती घ्यावी?

मातीच्या किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी चालणे आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर अनवाणी चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाइल, ग्रॅनाइट आणि शहाबादी फरशी जराही दबत नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाचा हादरा टाचेलाच सोसावा लागतो. टाच दुखत असेपर्यंत घरातही चप्पल घालावी. स्वयंपाकघरात आणि देवघरात चप्पल नको असे अनेक घरांत असते, आणि ती भावना मोडायला मी कधीच सांगत नाही. बाहेर कधीही न नेलेला एक वेगळा जोड फक्त घरासाठी ठेवला, की बहुतेक सासूबाईंची हरकत राहत नाही. ओट्यासमोर जाड रबरी चटई टाकणे हा त्याहून सोपा उपाय आहे.

चप्पल घेताना टाचेखाली दबणारी गादी, कमानीखाली आधार, आणि टाच चवड्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच एवढे पाहावे. मागे पट्टा असेल तर उत्तम, कारण मोकळी चप्पल पायात टिकवण्यासाठी बोटे सतत आवळली जातात. चप्पल मधून दुमडून पाहावी. ती बोटांच्या मुळाशी वाकली पाहिजे. मधोमध कागदासारखी वाकत असेल तर घेऊ नये. पातळ, झिजलेली हवाई चप्पल टाचदुखीत जवळजवळ अनवाणी चालण्यासारखीच आहे. महागडे, मापाने बनवलेले इनसोल सुरुवातीलाच घेण्याची गरज नसते. साधे सिलिकॉनचे हील पॅड वापरून पाहावे, आणि ते दोन्ही बुटांत घालावे, म्हणजे कंबर एका बाजूला कलत नाही.

७. टाचेत इंजेक्शन घेतले तर लगेच बरे वाटते असे ऐकले. घ्यावे का?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो, आणि ज्याला कामावर उभे राहणे भागच आहे त्याच्यासाठी तो आराम मोलाचा असतो. मात्र त्या काळात व्यायाम केले नाहीत तर दुखणे परत येते. वारंवार इंजेक्शने घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा धोका असतो, आणि ती गादी पुन्हा भरून येत नाही (प्रश्न ८ पाहावा). मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते. माझे मत असे आहे की तीन-चार महिने व्यायाम, चप्पल आणि कामातील बदल प्रामाणिकपणे करूनही उपयोग झाला नाही, तरच अस्थिरोगतज्ज्ञांशी इंजेक्शन किंवा शॉकवेव्ह उपचार याविषयी बोलावे. शस्त्रक्रिया अगदी थोड्यांना लागते.

८. टाचेच्या बरोबर मधोमध ठेचल्यासारखे दुखते, आणि सकाळी नाही तर कडक जमिनीवर चालताना. हे तेच दुखणे आहे का?

बहुधा नाही. टाचेखालची चरबीची गादी वयाबरोबर पातळ आणि ढिली होत जाते, आणि मग हाड थेट जमिनीवर आपटते. वयस्क मंडळींत आणि टाचेत अनेक इंजेक्शने झालेल्यांत हे अधिक दिसते. अंगठ्याने टाचेच्या मध्यावर दाबल्यास आतले हाड सहज हाताला लागते. येथे ताणाच्या व्यायामांचा फारसा उपयोग नाही. टाचेला बाजूंनी कप्प्यासारखे धरून ठेवणारे मऊ हील कप आणि अनवाणी चालणे बंद करणे हाच मुख्य उपचार आहे.

९. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पाय पांघरुणाबाहेर काढून झोपावे लागते. हे उष्णतेमुळे होते का?

नागपूरच्या मे महिन्यात सगळ्यांचेच तळपाय तापतात, त्यामुळे "अंगात उष्णता वाढली" असे म्हणून या लक्षणाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. दोन्ही तळव्यांत सारखी आग, मुंग्या, कापसावर चालल्यासारखे वाटणे आणि रात्री त्रास वाढणे ही नसांच्या विकाराची लक्षणे आहेत. त्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह हे आहे, आणि कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे या आगीमुळेच कळते. त्याखालोखाल ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता येते. काटेकोर शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ती विशेषतः पाहावी. थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचे विकार आणि दारू हीदेखील कारणे आहेत. म्हणून उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, एचबीए-वन-सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ब-१२, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) एवढ्या तपासण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात.

काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासल्यास शांत वाटते, आणि त्वचा धडधाकट असेल तर त्यात वाईट काही नाही. मात्र तेवढ्यावर थांबू नये.

आग एकाच पायात असेल, तर घोट्याच्या आतल्या बाजूला नस दाबली गेली आहे का हे पाहावे लागते. कंबरेपासून मांडीच्या मागून टाचेपर्यंत कळ येत असेल, तर मूळ दुखणे मणक्यात असू शकते, आणि तळव्याला कितीही तेल चोळले तरी ते तिथे सापडणार नाही.

१०. मला शुगर आहे, पण पाय अजिबात दुखत नाहीत. तरी काळजी घ्यायची का?

तुम्हीच सर्वांत जास्त घ्यायची आहे. दुखणारा पाय तुम्हाला थांबवतो. न दुखणारा पाय चपलेत घुसलेल्या खिळ्यावरही दिवसभर चालत राहतो. रोज रात्री चांगल्या उजेडात दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर कॉर्न कॅप लावू नये, कारण त्यातील सॅलिसिलिक आम्ल चांगली त्वचाही जाळते. वर्षातून एकदा तरी १० ग्रॅम दाबाच्या मोनोफिलामेंट तंतूने आणि कंपन काट्याने पायाची संवेदना तपासून घ्यावी. तपासणी पाच मिनिटांची असते आणि तिच्यात सुई टोचावी लागत नाही.

एक पाऊल अचानक सुजले, लाल झाले आणि हाताला दुसऱ्यापेक्षा गरम लागले, पण फारसे दुखत नाही, असे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि तोवर त्या पायावर भार देऊ नये. ही शार्को फूटची सुरुवात असू शकते. यात हाडे आतल्या आत ढासळतात आणि वेळ गेल्यास पायाचा आकार कायमचा बदलतो.

तळव्यावर बधिरपणा आणि न दुखणारी जखम असूनही साखर सामान्य असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करावी. विदर्भात हा आजार आजही आढळतो. त्याची बहुविध औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात, आणि वेळेवर घेतली तर नसांचे नुकसान टळते. लाजेपोटी लपवण्यासारखे त्यात काहीही नाही.

११. पोलीस भरतीसाठी रोज धावतो. महिनाभरापासून टाच दुखते, एक्स-रे नॉर्मल आहे. धावणे चालू ठेवू का?

नाही, निदान होईपर्यंत थांबावे. भरतीची जाहिरात आली की १६०० मीटरची वेळ कमी करण्यासाठी मुले डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, एकही दिवस विश्रांती न घेता धावू लागतात, आणि काही आठवड्यांत हाडाला केसासारखी बारीक चीर जाते. ही चीर टाचेच्या हाडात किंवा चवड्याच्या मागच्या लांब हाडांत असते. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये धरून दाबल्यावर कळ येणे, धावताना दुखणे वाढत जाणे आणि पुढे पुढे विश्रांतीतही ठणकणे ही तिची लक्षणे आहेत. प्रश्न २ मधील दुखणे चालल्यावर कमी होते, हे चालल्यावर वाढते, हा फरक लक्षात ठेवावा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर साध्या एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीचा नॉर्मल एक्स-रे निर्णायक मानू नये. लक्षणे जुळत असतील तर पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करावा. चीर असल्यास साधारण सहा ते आठ आठवडे धावणे पूर्ण बंद ठेवावे लागते. भरती जवळ आली असताना हे सांगणे मलाही जड जाते, कारण त्या एका नोकरीवर संपूर्ण घराची आशा असते हे मी जाणते. पण चीर घेऊन धावत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते आणि ती भरतीही हातची जाते, पुढचीही. या काळात पोहणे, सायकल आणि गोळाफेकीसाठी वरच्या अंगाची ताकद चालू ठेवता येते. मुलींनी पाळी अनियमित झाली असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण कमी आहार, पाळीतील बिघाड आणि हाडाची चीर ही एकमेकांशी जोडलेली असतात.

१२. चवड्याखाली बुटात खडा गेल्यासारखे वाटते, पण बुटात काहीच नसते.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधल्या नसेभोवतीचा भाग जाड झाल्यावर असे होते. त्याला मॉर्टन न्यूरोमा म्हणतात. बोटांकडे विजेसारखी कळ जाते आणि बूट काढून चवडा चोळला की बरे वाटते. निमुळत्या टोकाच्या, उंच टाचेच्या चपला हे मुख्य कारण असल्याने आधी त्या बदलाव्यात. पुढून रुंद बूट आणि चवड्याच्या किंचित मागे बसवलेले पॅड यांनी अनेकांचे भागते. दुखणे फक्त अंगठ्याच्या मुळाखाली असेल, तर तिथल्या वाटाण्याएवढ्या दोन हाडांवर ताण आलेला असू शकतो.

१३. तळव्यावर कडक गाठ आली आहे. कुरूप आहे की चामखीळ?

सरळ वरून दाबल्यावर जास्त दुखले तर बहुधा कुरूप. दोन बोटांच्या चिमटीत बाजूंनी दाबल्यावर जास्त दुखले आणि त्वचेच्या रेषा गाठीपाशी तुटून आत बारीक काळे ठिपके दिसले, तर चामखीळ. चामखीळ विषाणूमुळे होते आणि पसरते, म्हणून ती कोरू नये. टाचांच्या भेगांमध्ये रक्त येत असेल, तर रात्री पाय भिजवून, पुसून, युरियायुक्त क्रीम किंवा व्हॅसलीन लावून मोजे घालावेत.

१४. शेतात काटा मोडला होता, काढला, पण दोन महिने झाले तरी तिथे दुखते.

टोक आत राहिले असण्याची शक्यता आहे. बाभळीचा काटा किंवा पराटीचे (कपाशीचे) धसकट एक्स-रेत सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत दिसते, म्हणून तीच करण्यास सांगावे. सुईने घरी उकरू नये, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले होते का हे आठवावे. त्या जागी न दुखणारी सूज हळूहळू वाढत असेल आणि बारीक छिद्रांतून दाणेदार स्राव येत असेल, तर तो मायसेटोमा असू शकतो. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांना होणारा हा जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जावे.

१५. थोडे चालले की तळव्यात पेटके येतात, थांबलो की जातात. वय ३५ आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आणि विडी दोन्ही चालू आहे.

हे दुखणे पट्ट्याचे नसून रक्तपुरवठ्याचे वाटते आणि ते गंभीरपणे घ्यावे. तरुण वयात तंबाखूमुळे हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद होत जाणाऱ्या विकाराला बर्गर रोग म्हणतात. सुरुवातीला चालताना तळव्यात कळ येते, नंतर पाऊल थंड आणि फिकट पडते, रात्री पाय पलंगाखाली लोंबता ठेवल्यावरच झोप लागते, आणि शेवटी बोटांच्या टोकांना न भरणाऱ्या जखमा होतात. "विडी सोडली, आता फक्त खर्रा खातो" हे उत्तर नागपुरात मी पुष्कळदा ऐकते. या रोगात तंबाखू कोणत्याही रूपात चालत नाही, आणि ती पूर्णपणे सोडल्याशिवाय कोणताही उपचार टिकत नाही. पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी करून घ्यावी आणि शल्यचिकित्सकांना दाखवावे. पोटरी किंवा तळव्याला मालिश, शेक, बर्फ हे काहीही करू नये.

१६. वय २८, दोन्ही टाचा एकदम दुखतात आणि सकाळी कंबर तासभर आखडलेली असते. युरिक अ‍ॅसिड थोडे वाढले आहे. त्यामुळेच का?

युरिक अ‍ॅसिड किंचित वाढलेले असणे ही फार सामान्य बाब आहे आणि केवळ त्यामुळे टाच दुखत नाही. युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या गाऊटचा झटका बहुधा अंगठ्याच्या सांध्यात, रातोरात, लाल सूज आणि असह्य वेदना घेऊन येतो. तुमच्या वर्णनात दोन्ही टाचा, तरुण वय आणि हालचालीने कमी होणारी कंबरेची आखड या तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. ते मणक्याच्या संधिवाताचे लक्षण असू शकते. डोळा लाल होऊन दुखणे किंवा सोरायसिस घरात कोणाला असणे हेही सांगावे. संधिवाततज्ज्ञांकडे जाऊन एचएलए बी-२७ ही रक्ताची तपासणी आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांची तपासणी करून घ्यावी. चिकनगुनियाच्या तापानंतरही टाचा आणि घोटे काही महिने दुखतात, त्यामुळे अलीकडे आलेला ताप आठवून सांगावा.

१७. अकरा वर्षांचा मुलगा फुटबॉल खेळून आला की टाच धरून बसतो.

आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत टाचेच्या मागच्या बाजूला हाडाची वाढ चालू असलेला भाग असतो आणि खेळण्याने त्यावर ताण येतो. वाढ पूर्ण झाली की त्रास कायमचा थांबतो. खेळ काही आठवडे कमी करावा, मऊ हील पॅड द्यावे, पोटरी ताणायला शिकवावे. ताप, सूज किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

१८. नवरात्रात अनवाणी राहते आणि कोराडीच्या देवीला पायी जाते. श्रावणात नागद्वारला जायचा विचार आहे. काय तयारी करावी?

ज्यांची संवेदना आणि रक्तपुरवठा चांगला आहे त्यांना अनवाणी राहण्यास माझी हरकत नाही. दीड-दोन महिने आधी चालण्याचे अंतर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे, प्रश्न ४ मधील व्यायाम तेव्हाच सुरू करावेत, आणि दुपारच्या तापलेल्या डांबरावर चालू नये. पचमढीच्या डोंगरांत नागद्वारची वाट पावसाळ्यात निसरड्या दगडांची असते, तिथे पायात मुरलेले, तळाला नक्षी असलेले बूट हवेत. नवे बूट तिथेच पहिल्यांदा घालू नयेत, आणि मोज्यांचे दोन कोरडे जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत.

मधुमेह असलेल्या बहिणींनी अनवाणी राहण्याचा नेम घेऊ नये. पूर्वीच घेतला असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून त्याऐवजी दुसरा नेम घ्यावा. मी ज्यांना ज्यांना हे समजावले, त्यांच्या घरच्यांनी ते ऐकले आहे.

१९. कोणाकडे जावे, लगेच कधी जावे आणि सोबत काय न्यावे?

पायावर भारच देता न येणे, दुखापतीनंतर निळसर सूज, तापासह लाल व गरम पाऊल, अचानक थंड आणि पांढरे पडलेले पाऊल, काळे पडणारे बोट, मधुमेहीच्या तळव्यावरची कोणतीही जखम, किंवा कंबरदुखीसह लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स येथे अस्थिरोग विभाग आहेत. एरवी सकाळच्या पहिल्या पावलाचे दुखणे चार-सहा आठवडे घरी व्यायाम करून पाहता येते, आणि त्यानंतरही तसेच राहिले तर दाखवावे.

जाताना सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट न्यावेत. वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेत असाल तर तेही सांगावे, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा पोटात व्रण असल्यास. तपासणीला पुष्कळ जण नवे कोरे बूट घालून येतात. तसे न करता रोज वापरातली, सर्वांत झिजलेली चप्पल पिशवीत घालून आणावी. तिचा तळ टाचेच्या आतल्या कडेला झिजला आहे की बाहेरच्या, आणि दोन्ही पायांत झीज सारखी आहे की नाही, हे मी सर्वांत आधी पाहते.